उडीला उत्तर

भूकंप झाल्यापासून माझी मुलगी बूट घालून झोपायची.

भूकंप म्हणायचा तर तसा किरकोळच. भांडी वाजली, दिवे झुलले, दोन-चार भिंतींना केसाएवढ्या भेगा गेल्या. इमारती तपासणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे आमची इमारत मी स्वतः पायापासून गच्चीपर्यंत पाहिली आणि ठणठणीत ठरवली. पण खारूला (चपळ म्हणून तिचं हे नाव) माझ्या तपासणीचं काडीचं कौतुक नव्हतं. "पळायला लागलं तर?" एवढंच म्हणायची आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारून पांघरुणात शिरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जबरदस्ती करू नका. आपणहून बूट काढेल त्या दिवशी ती बरी झाली समजा. मी त्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते.

म्हणून तिला भूविज्ञानाच्या संग्रहालयात न्यायचं ठरवलं. एखादी गोष्ट समजली की तिची भीती जाते, हा माझा जुना विश्वास. सोबत भावाचा मुलगा, दंगोबा, घेतला. तो असला की कुणालाच घाबरायला फुरसत मिळत नाही.

संग्रहालय म्हटलं की काचेची कपाटं आणि 'हात लावू नये' हे ठरलेलं. इथे दारातच पाटी होती, 'कृपया हात लावा'. मला ती जागा तिथेच आवडली. लांबलचक दालन, उंच खिडक्या, ओल्या वाळूचा वास. एका मेजावर वाळूत पाणी सोडून नदी करायची आणि ती कशी वळते ते पाहायचं. एका चरकाचं चाक फिरवलं की रंगीत थरांना घड्या पडून डोंगर उभा राहायचा. मधोमध एक काळा दगड ठेवला होता. मुलांनी हात फिरवून फिरवून तो इतका गुळगुळीत केला होता, की त्यात खिडकी दिसत होती. ज्या कुणी हे मांडलं, त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

माहिती सांगणारी ताईही लाखात एक. कानावर पेन्सिल अडकवलेली, आणि एकाही प्रश्नाला सरळ उत्तर नाही.

"हा दगड पाण्यावर तरंगतो कसा?" पाण्याच्या घंगाळातल्या एका भोकाभोकांच्या दगडाकडे बोट दाखवत दंगोबाने विचारलं.

"तू तरंगतोस?"

"छे, मी बुडतो."

"मग त्याच्यात असं काय आहे, जे तुझ्यात नाही?"

दंगोबाने दगडाची भोकं निरखली. "हवा," तो म्हणाला, आणि आपल्याला उत्तर आलं याचं त्यालाच नवल वाटलं.

शेवटच्या खोलीत जमिनीत पक्का बसवलेला एक लोखंडी चौथरा होता. शेजारी काचेच्या पेटीत भूकंपमापक यंत्र. सरकत्या कागदावर त्याची लेखणी सरळ रेघ ओढत होती. चौथऱ्यावर उडी मारली की रेघेला गाठ पडे. पाटीवर लिहिलं होतं, 'बूट-चपला काढून उडी मारा'.

दंगोबाने चपला भिरकावल्या आणि धपकन उडी मारली. खारू भिंतीला चिकटून उभी होती.

"जमीन हलली की दोन लाटा निघतात," ताई तिच्याकडे न बघता सांगू लागली. "एक चपळ, एक आळशी. निघतात बरोबरच, पण लांबच्या रस्त्याला आळशी मागे पडते. कागदावर दोघींच्या मध्ये फट दिसते. फट मोठी, तर भूकंप लांब."

"आणि फट लहान झाली तर? तो जवळ येतो?"

ताई हसली. "भूकंप चालत येत नसतो गं."

खारूने थोडा विचार केला. मग खाली बसली आणि गाठी सोडायला लागली. एक, मग दुसरी. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते.

ती अनवाणी चौथऱ्यावर चढली आणि उडी मारली. कागदावर गाठ पडली. रेघ पुन्हा सरळ झाली.

मग लेखणी आपोआप थरथरली. एक बारीक थरथर. नंतर लांब सरळ रेघ. मग मोठी थरथर.

"ट्रक गेला असेल," ताई म्हणाली.

ट्रकची रेघ अशी येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. दंगोबाने पुन्हा उडी मारून पाहिली. एकच गाठ पडली, बाकी काही नाही.

एका नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त. प्रयोग पुन्हा करायचा. म्हणून मीच म्हणाले, "खारू, अजून एकदा."

तिने उडी मारली. लेखणीने उत्तर दिलं. मधली फट निम्म्यावर आली होती.

"अजून एकदा," मी म्हणाले.

आता फट बोटभर होती.

ताईने वाकून वायर तपासली, चौथऱ्याचे बोल्ट हाताने दाबून पाहिले. सगळं घट्ट होतं. तिने कानावरची पेन्सिल काढली आणि नुसतीच हातात धरून उभी राहिली.

"आत्या, घरी जाऊ या ना," दंगोबा म्हणाला. त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

खारूचा चेहरा मात्र फुलला होता. कित्येक आठवड्यांत ती अशी हसली नव्हती.

"आई, त्या दिवशी ते हाक मारत होतं. आणि आपण सगळे पळालो."

"कोण हाक मारत होतं?"

तिने माझा हात थोपटला, मी तिला थोपटते तसाच. "घाबरू नकोस गं."

ताईने यंत्र बंद केलं आणि कागद फाडून माझ्या हातात दिला. "एरवी एक प्रत आम्ही ठेवतो," ती म्हणाली. "ही तुम्हीच न्या."

दंगोबाला त्याच्या घरी सोडून आम्ही परतलो, तेव्हा अजून ऊन होतं. आमचं घर तळमजल्यावर. फरशीखाली भराव आणि त्याखाली अखंड खडक. पाया तपासताना मीच पाहिलेला. दारात खारू वाकली, तिने बूट काढले आणि नीट जोडीने ठेवले. इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते असं सहज घडलं. मी तिला घट्ट जवळ घेतलं. खरंच खूप आनंद झाला होता मला.

माझ्या मिठीतून सुटून ती खोलीच्या मधोमध गेली.

तिने उडी मारली.

मीही अनवाणीच होते. तळपायांना तिची उडी कळली.

उत्तरही कळलं. त्याच क्षणी. दोन्ही लाटा बरोबर आल्या.

मध्ये फट नव्हती.

"आलं," खारू म्हणाली, आणि पाणी प्यायला आत गेली.

त्या रात्री ती हातपाय पसरून, अनवाणी, गाढ झोपली. एक पाय पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता. तो उचलून पांघरुणात घ्यावा, असं दोनदा मनात आलं; पण पलंगाजवळ जायचा धीर झाला नाही. मी दारातल्या खुर्चीवर बसले, माझे बूट पायांत चढवले आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारली.