पाठ टेकायची जागा

"खालच्या भिंती काढू नका, निता," सुकेशनी फोनवर म्हणाली होती, आणि निताने कुकरची शिट्टी झाल्याचं निमित्त करून फोन ठेवला होता.

सुकेशनी तिची कॉलेजातली मैत्रीण, आता अकोल्यात इमारतींचे नकाशे तपासते. तिचं म्हणणं सरळ होतं. वजन कॉलम घेतात, खरं. पण जमीन हलली की धक्का आडवा येतो, आणि कॉलमांच्या मधल्या विटांच्या भिंती त्याला अडवून धरतात. वरच्या भिंती ठेवून खालच्या काढल्या, की वरचं घर पेटीसारखं ताठ राहतं आणि सगळा हिसका खालच्या उघड्या कॉलमांवर येतो. ते मोडतात. वरचे लोक घरासकट खाली येतात.

कामरगावात कुठला आलाय भूकंप, असं निताला तेव्हा वाटलं.

धाकट्या दिराला, राजपालला, तळमजल्यावर मोटरसायकलींचं शोरूम काढायचं होतं. रस्त्यावरून सगळ्या गाड्या एका नजरेत दिसायला हव्या होत्या. ट्रॉली भरभरून विटा गेल्या. कॉलम तेवढे उरले.

मधली भिंतही पाडली. त्याच भिंतीला पाठ टेकून सासूबाईंनी, धनीबाईंनी, वर्षानुवर्षं तूर निवडली होती, दोन्ही लेक पायांवर घेऊन न्हाऊ घातले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सूप घेऊन खाली गेल्या आणि त्याच जागी बसल्या. पाय लांब. पाठ मागे टेकलेली.

मागे काहीच नव्हतं.

"आई योगा करून राह्यली," राजपाल म्हणाला. "वहिनी, तुमी बी शिका."

निता हसली नाही. असं मागे रेलून माणूस फार वेळ बसू शकत नाही. पोट थरथरतं, मान ताठते. धनीबाईंचं अंग सैल होतं. त्यांना डुलकी लागली होती. डोक्यावरचा पदर मागून चपटा झाला होता.

निताने त्यांच्या पाठीमागे हात घातला. हात पुढे गेला नाही. तळव्याला काहीतरी गार, खरखरीत लागलं. तिने हात ओढून घेतला. बोटांना चुना होता.

सोयाबीन फुलावर असताना एका सकाळी जमीन हलली.

मांडणीवरची भांडी खाली आली. दीड वर्षांच्या लेकीला, रूपाला, छातीशी धरून निता जिना उतरली. शोरूममध्ये गाड्या एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. कॉलमांना वरच्या टोकाशी तिरप्या भेगा गेल्या होत्या. धनीबाईंच्या दोन्ही बाजूंचे दोन तेवढे कोरे होते.

धनीबाई रोजच्या जागी बसलेल्याच होत्या. ओठांवर विटांची लाल भुकटी होती.

"बाई, उठा. बाहेर चला."

"तू जाय. लेकराले ने," त्या म्हणाल्या. "मी उठली तं जमत नाई."

संध्याकाळी निताने नवऱ्यासमोर, बबलूसमोर, सांगून टाकलं की भिंत परत घाला. बबलूने भावाकडे बघितलं.

"काहून?" राजपाल म्हणाला. "पडलं का काई? उभी हाये ना बिल्डिंग." मग आईकडे न बघता, "आई बसून तं हाये."

म्हणजे त्यालाही दिसत होतं. बबलूलाही. सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळ्यांना ते सोयीचं होतं.

"माय हाये थे तुमची," निता म्हणाली. "वीट नाई."

"मंग मधात भिंत घालू का? गिऱ्हाइकाले गाडी दिसन कशी?"

त्याच आठवड्यात राजपालने स्वतःचं अंथरूण मागच्या टिनाच्या खोलीत हलवलं.

धनीबाईंचं ताट तिथंच येऊ लागलं. गिऱ्हाईक त्यांच्या पायांना वळसा घालून गाड्या बघू लागलं. रंगारी आला, त्याने कॉलम पिवळे केले. त्यांच्या खांद्यावरही पिवळा हात मारून गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी अडवलंही नव्हतं. बबलू रंग वाळला का ते बघत होता.

निताने पिशवी भरली. केनवडला, माहेरी.

"रूपा कुठी हाये?" धनीबाईंनी विचारलं. मान वळली नाही.

"बाहीर हाये, जीपमधी. हे बी मागं टिनाच्या खोलीत झोपाले गेले, वरतं कोणीच नाई आता. चला बाई, तुमी बी चला."

तिने त्यांचा हात धरून ओढला. वर स्लॅबमध्ये काहीतरी कुरकुरलं.

तिने हात सोडला.

"तू जाय," धनीबाई म्हणाल्या. "घर रिकामं झालं, आता मी उठतो. सावकाश."

त्या भरवशावर निता गेली.

पण त्या उठायच्या आतच राजपालने वरच्या खोल्या भाड्याने दिल्या. परवेज आणि नमरा, साधं जोडपं, नुकतं बाळ झालेलं. अर्ध्या भाड्यात. निताने नमराला फोन करून घर सोडायला सांगितलं. "दीदी, इतक्या कमीत कुठं भेटते घर?" ती म्हणाली. "अन् खाली अम्मा आहेत ना. दिवसभर बसूनच असतात बिचाऱ्या."

वर लेकरू ठेवलं की खाली बाई उठत नाही, एवढं राजपालला बरोबर कळलं होतं.

तेव्हापासून त्या बाजूला जाणारं जे कोणी भेटेल, त्याला निता हेच सांगते. तुम्हालाही सांगते आहे. कामरगावला उतरलात तर पिवळ्या शोरूममध्ये जा. गाडी बघायची आहे म्हणा. मधोमध एक बाई बसलेली असेल. जेवल्या का, विचारा. बोलल्या नाहीत तर नाकापुढे हात धरून बघा.

उठवू मात्र नका. आधी वर बाळाचा आवाज येतो का, ते ऐका.