उणे बारा

माझ्या स्कूटीखाली घरंगळत आला तो... पांढराशुभ्र, अंड्याएवढा चेंडू. मागोमाग काठी घेऊन धावत आले आमचे नवे क्रीडाशिक्षक, संघपाल सर.

"मॅडम, गाडी हलवू नका! चेंडू थांबला तिथूनच मारा लागते."

"अन् मले घरी नाही जा लागत का?"

"जा ना... फक्त दोन मिनिटं माझ्यासाठी थांबा."

त्या 'माझ्यासाठी'वर ते स्वतःच लाजले. मग मातीत आडवे पडून त्यांनी असा काही नेम धरला, की दोन मिनिटांची वीस झाली आणि माझं हसू काही थांबेना.

जानेफळच्या शाळेत गोल्फ! गाव हसायचं. मुख्याध्यापक अर्जुनराव म्हणायचे, "हा साहेब लोकायचा खेळ आहे, सर." सर नुसता चेंडू पुसत राहायचे. एकदा मधल्या सुट्टीत मात्र त्यांनी मला सगळं सांगितलं. कॉलेजात असताना ते नागपूरला गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या बॅगा उचलायचे. सोबत मित्र, इंद्रभान. साहेब यायच्या आधी दोघं पहाटे चोरून खेळायचे. सरांनी नोकरीसाठी खेळ सोडला, इंद्रभाननं नाही. जगात चारशे बारावा असलेला तो आता भारताकडून जपानमधल्या स्पर्धेत सुवर्णपदकासाठी खेळत होता.

"तो जिंकला ना मॅडम, तर या देशात कोणी कोणाले म्हणणार नाही, का हा खेळ तुमचा नाही."

बोलताना त्यांचे डोळे असे चमकले, की मी गणिताची बाई, पुढच्या तासाला पाढा विसरले.

शनिवारी संध्याकाळी मी गुपचूप मोबाईलवर इंद्रभानचा स्कोअर शोधला. छोटासा तिरंगा, त्याचं नाव आणि पुढे — उणे बारा. शून्याच्याही खाली! सरांना कळवायचा धीर झाला नाही. रविवारी सकाळी आलूबोंडे तळले, डबा भरला आणि शाळा गाठली. सर डिजिटल वर्गात टीव्हीसमोर बसले होते. शाळेची किल्ली सांभाळणाऱ्या कौशल्याबाई दारात तूर पाखडत होत्या.

"सर, मन लहान करू नका," मी डबा पुढे केला. "उणे बारा झाले म्हणून काय झालं... पुढच्या वेळी जिंकेल."

ते खो-खो हसत सुटले.

"मॅडम, याच्यात जेवढे फटके कमी, तेवढा माणूस वर! ठरल्यापेक्षा बारा कमी मारले त्यानं. पहिल्या नंबरावर आहे तो!" हसता हसता ते एकदम थांबले. "पण... तुम्ही काऊन पाहिला स्कोअर?"

"असंच..."

"अन् आलूबोंडे बी असेच तळले?"

मी टीव्हीकडे पाहत राहिले. कौशल्याबाई उगाच खाकरल्या.

दुपारी शेवटचं होल, म्हणजे शेवटचा खड्डा आला. कोरियाचा नामांकित खेळाडू आणि आपला इंद्रभान बरोबरीत. कोरियनचा चेंडू खड्ड्याच्या काठाला घासून पुढे गेला. आता इंद्रभान... वीस फुटांवरून. तिथं हजारो माणसं, पण सगळीकडे चिडीचूप. आमच्या दारातलं सूपही थांबलं. सरांनी माझं मनगट कधी धरलं, ते त्यांनाही कळलं नाही. चेंडू निघाला. हिरव्या उतारावर वळला, मंदावला, काठावर थबकला...

आणि आत गेला.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एवढं मोठं काही मी डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. इंद्रभाननं टोपी काढली, वाकून गवताला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"एवढंसं भोक, अन् साऱ्या दुनियेचा जीव टांगणीले!" कौशल्याबाई पुटपुटल्या.

थोड्या वेळानं तिरंगा वर चढू लागला. राष्ट्रगीत सुरू झालं, तसे आम्ही तिघंही उठून उभे राहिलो. सर सावधान. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, पण पुसायला हात हलवता येत नव्हता. माझा हात शिवशिवत होता, तोही हलवता येत नव्हता. गीत संपलं आणि त्यांच्या आधी माझीच ओढणी त्यांच्या गालावर पोचली.

"मॅडम..."

"प्राची म्हणा."

"प्राची... मी खेळ सोडला, चूक केली. आता पुन्हा खेळतो. पण आयुष्यभर माझ्यासंगं राहशील?"

"हाव," मी म्हणाले. हात तसाच त्यांच्या गालावर होता, आणि कौशल्याबाईंनी हळूच आमच्याकडे पाठ केली.