नळीतली ओढ

शेगडी जरा जवळ घ्या, पोरांनो. चहा ओतून घ्या आणि मध्ये बोलू नका.

हे मुन्झिरच्या बाबतीत घडलं. माझ्या बहिणीचा मुलगा. तुमच्यासारखाच मातीचं आणि खडकाचं शास्त्र शिकून इंजिनीअर झालेला. त्याच्याच कामावर मी ड्रिलिंगचा फोरमन होतो.

दोन हजार एकोणीस साल. फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. जेरश शहराच्या वरच्या अंगाला, दैर सुमाक गावाखाली डोंगर कापून नवा रस्ता काढला होता. वर चुनखडीचा कडा, त्याच्या पोटात निळसर चिकणमाती. कोरडी असताना कुदळ बसत नाही, भिजली की नुसता साबण. पाऊस दिवसरात्र कोसळून त्या संध्याकाळी थांबला होता. रस्ता बंद होता, आणि सकाळी गावात नवरी यायची होती, बस भरून माणसं घेऊन.

मुन्झिर म्हणाला, "मामा, उतारावरच्या नळीतलं पाणी मोजून येतो. मगच रस्त्याचं सांगतो."

"जेवून तरी जा. मकलूब्याचा भात गरम आहे."

"आल्यावर. खरवड माझ्यासाठी ठेवा, सगळी चाटून टाकू नका!"

रात्रीची नमाज झाल्यावर तो एकटा गेला. जमिनीत खोल पुरलेली नळी, दोन बोटं जेमतेम जातील एवढी. तीत मापाची फीत सोडायची. टोक पाण्याला टेकलं की वर यंत्र वाजतं. पाणी चढलं म्हणजे मातीच्या कणांमधला दाब चढला. कण मग एकमेकांना धरत नाहीत, आणि कण धरत नाहीत तिथे डोंगर कसला धरतो?

फीत नऊ मीटर खोलीवर वाजली. पाणी आठापर्यंत चढलं असतं तर धोका होता. त्याला हायसं वाटलं. ठेकेदाराचा मुकादम अबू शादी, त्याला 'रस्ता उघड' सांगायला त्यानं फोन काढला.

तेवढ्यात फितीला हिसका बसला.

अडकली असेल. त्यानं हलकेच वर ओढली.

खालून कुणीतरी... तितक्याच हलकेच ओढली.

"कोण आहे?" तो म्हणाला. नळीला तोंड लावून. त्याचं त्यालाच नंतर हसू यायचं... पण तेव्हा नाही.



फीत सरकू लागली. त्याच्या हातातून. खाली. सावकाश. दहा. अकरा. यंत्र वाजतच होतं. साडेअकरावर थांबली.

मग यंत्रही थांबलं.

आणि नळीतून... श्वास. दमलेल्या माणसाचा.

मुन्झिर फीत टाकून पळाला. रस्त्यावर येऊन त्यानं आपली पिकअप आडवी लावली. अबू शादी धावत आला.

"काय झालं? पाणी किती?"

"नऊ."

"मग उघड की रस्ता!"

"नाही."

"नवरीच्या बापाला काय सांगू? इंजिनीअरसाहेब अंधाराला घाबरले? जा बाबा, आईच्या कुशीत जाऊन झोप."

"सांग. हेच सांग त्याला. गाडी हलणार नाही."

मला मुन्झिरचा फोन आला. मी गेलो. पहाटेपर्यंत तिघं पिकअपपाशी बसून राहिलो. अबू शादी शिव्या घालत होता. उजाडता उजाडता वरून एक दगड आला. मग एक झाड, उभंच्या उभं, चालत आल्यासारखं. मग... अख्खा उतार.

रस्ता उरला नाही. माणूस एकही गेला नाही. नवरी दुपारी दुसऱ्या वाटेनं आली. अबू शादीनं मुन्झिरच्या कपाळाचं चुंबन घेतलं, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

उन्हाळ्यात आम्ही दरडीच्या वरच्या बाजूला, न हललेल्या जमिनीत, नवं भोक पाडलं. घसरण कुठल्या थरावरून झाली ते बघायला. तो थर साडेअकरा मीटरवरच निघाला. तिथली माती पोलादी नळकांड्यात जशीच्या तशी उचलली आणि मी माझ्या हातानं दोन्ही टोकं मेण ओतून बंद केली. कधीकाळी इथे समुद्र होता, त्याच्या तळाची माती ती. माणूस जन्मायच्या आधीची.

प्रयोगशाळेत मुन्झिरनं तो गोळा तारेनं उभा चिरला. दोन्ही अर्धे उघडले.

त्यानं वाकून पाहिलं. मग बाजूला झाला... मला दिसावं म्हणून.

आत, मधोमध, तीन बोटांचे ठसे होते. रेषांसकट. खालून वर दाबलेले.