शेजारच्या खुर्चीतली

"मनातल्या मनात नामसुद्धा घ्यायचं नाही?" आजींनी विचारलं.

"अर्धा तास देवालाही सुट्टी द्या," स्कॅनताई हसली. सगळं हॉस्पिटल तिला याच नावाने हाक मारायचं. "आत्ता मेंदूचा जो भाग काम करेल, तिथे हे इंजेक्शन जाऊन बसतं. म्हणून गप्प पडायचं."

डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनमधून आजी वाचल्या, पण उजवा गाल ओघळला तो ओघळलाच. तेव्हापासून नात जवळ येईना. आजी दिसल्या की आईच्या कुशीत तोंड खुपसून रडायची. आजींना बाकी कशाची फिकीर नव्हती.

स्कॅनताईने दिवा मंद केला आणि काचेपलीकडे बसून राहिली. आजी डोळे मिटून निश्चल. शेजारी एक रिकामी खुर्ची. आत कुणी गेलं नाही.

पण नंतर काढलेल्या स्कॅनमध्ये मेंदूतली ऐकण्याची जागा लख्ख उजळली होती. आणि जिथे अंधार असेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ती तोंड हलवण्याची जागासुद्धा.

"आजी, खरं सांगा, कुणाशी गप्पा मारल्यात?"

"मी कशाला मारते! तीच बोलत होती. शेजारच्या खुर्चीतली."

"कोण?"

"मला काय ठाऊक? तिचा डावा गाल माझ्या उजव्यासारखाच लोंबत होता बिचारीचा. म्हणाली, तुझंही मला देऊन टाक, मला कुठे नात आहे!"

आजी हसल्या. ओठांची दोन्ही टोकं वर गेली.

दारातून नात बघत होती. बघता बघता ती धावत येऊन आजींना बिलगली. तिच्या आईला रडू आवरेना.

सगळे गेल्यावर स्कॅनताईने रोजच्यासारखं किरणं मोजायचं यंत्र हातात घेतलं. इंजेक्शनचं औषध किरणं सोडतं; कुठे ते सांडलं असेल तर यंत्र टकटक करतं. आजींच्या पलंगाशी चार-दोन टकटक. ठीक.

रिकाम्या खुर्चीच्या गादीवर काही नाही. पाठीवरही नाही.

तिने सहज हात वर नेला. खुर्चीवर कुणी बसलं असतं, तर चेहरा जिथे आला असता, तिथे यंत्र तडतडलं.

डावीकडे. मग उजवीकडेही.

तिने हात तिथेच धरून ठेवला. आवाज मंदावला.

तो पुन्हा मिळवायला तिला हात थोडा वर न्यावा लागला. मग आणखी वर. अगदी तिच्या स्वतःच्या तोंडासमोर.