सभासद क्रमांक ४१२

जिन्याच्या वळणावर शुभांगीला आधी दिसला तो मॉनिटर. बाहेर झिमझिम होती म्हणून गोणपाटात गुंडाळलेला, आणि त्याखाली दोन ओल्या चपला. माणूस मध्ये कुठेतरी असणार. चपला पुढची पायरी चाचपत होत्या.

"चौदा पायऱ्या आहेत," ती म्हणाली. "तुम्ही अकरावीवर आहात."

"मोजल्यात काय?" गोणपाटामागून आवाज आला.

"रोज चढते."

"रोज चढणारे मोजत नाहीत हो मॅडम... थकणारे मोजतात."

तिला राग यायला हवा होता. पण चौदाव्या पायरीवर गोणपाट बाजूला झालं, पावसानं धुरकटलेला चष्मा दिसला, आणि राग कुठल्या कुठे गेला.

तो वादिराज. धारवाडच्या सुभाष रोडवर कॉम्प्युटरच्या दुकानात काम करायचा. घरी कानडी, पण हुबळीच्या गल्लीत वाढल्यामुळे मराठी तोंडात बसलेली. शुभांगी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, वडिलांचं हुबळीत कापडाचं दुकान. नवनगरच्या मराठी शाळेचं ग्रंथालय जूनपासून ती सांभाळत होती. जुलैमध्ये मुलांनी फक्त एकशे अठरा पुस्तकं घरी नेली होती. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला हा कॉम्प्युटर तिनं हट्टानं वर मागून घेतला, तेव्हा मुख्याध्यापिका इंदुमतीबाईंनी अट घातली. ऑगस्टमध्ये तीनशे पुस्तकं गेली तर कॉम्प्युटर ग्रंथालयात, नाहीतर खाली ऑफिसात, गुणपत्रिकांसाठी.

दोघांनी मिळून युक्ती काढली. पुस्तक नेताना आणि परत करताना मुलानं आपला सभासद क्रमांक टाकायचा, आणि परत करताना पुस्तकाबद्दल एकच ओळ टाइप करायची. नाव नाही, फक्त क्रमांक. मग मधल्या सुट्टीत सगळ्यांनी त्या ओळी वाचायच्या.

पोरं तुटून पडली. विशेषतः ४१२च्या ओळींवर. '४१२ : पान सोळा फाटलंय. आंबे कुणी चोरले ते ज्याला कळेल त्यानं मला सांगा.' महिनाभरात बारा जणांनी ते पुस्तक नेलं. '४१२ : कावळ्यानं शेवटपर्यंत घरटं बांधलं नाही. मी पण तसाच... ठरवून ठरवून वेळ घालवतो.' ही ओळ शुभांगीनं दोनदा वाचली. पुस्तकं पाचवीच्या कपाटातली, म्हणून पाचवीत कुणी नवीन, लाजाळू मूल आलं असेल, असं तिला वाटलं.

वादिराज दर मंगळवारी बारा वाजता येई, फ्लॉपीवर सगळं उतरवून घ्यायला. त्या वेळी तिचा पाचवीवर वाचनाचा तास असे. परत येईपर्यंत तो निघायच्या तयारीत. "बर्तीनि," म्हणजे येतो, म्हणायचा आणि जिना उतरायचा. ती मनात चौदा मोजायची. मग बुधवारपासून तिचं कशात लक्ष लागत नसे. आलेखाच्या कागदावर रोजचा आकडा मांडताना पेन्सिल तिथेच अडकून राहायची.

एकतीस तारखेला, शनिवारी, आकडा तीनशे चार झाला. अहवाल लिहिण्याआधी तिनं सवयीप्रमाणे सभासदांचं रजिस्टर ताडून पाहिलं. त्यात चारशे अकरा नावं होती. ४१२ कुणीच नव्हतं. आणि ४१२नं नेलेली नऊच्या नऊ पुस्तकं मंगळवारची, बारा ते एकच्या मधली.

तिनं पेन्सिल टेबलावर ठेवली. शनिवार त्याचा वार नव्हता, तरी वादिराज तेवढ्यात दारात उभा. त्यालाही आकडा कळल्याशिवाय राहवत नव्हतं.

"तुम्ही विद्यार्थी नाही," ती म्हणाली.

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तपासायला म्हणून एक क्रमांक टाकला होता. मग... पुस्तक हातात होतं, वाचलं."

"पाचवीच्या कपाटातली नऊ?"

"त्याच्या वरची जड जातात हो. तुम्ही सारखं पुस्तकांवर बोलता. मला उत्तर द्यायला यायला पाहिजे की."

शुभांगीनं खिडकीबाहेर पाहिलं. नऊ वजा केले तर दोनशे पंच्याण्णव. कॉम्प्युटर खाली जाणार, आणि या माणसाला जिना चढायचं कारण उरणार नाही.

"ती नऊ मोजणीतून काढून टाकतेय," ती म्हणाली.

"काढा," तो म्हणाला. "न काढता अहवाल दिला असता, तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं."

तिनं दोनशे पंच्याण्णवचा अहवाल दिला. सोमवारी कॉम्प्युटर खाली गेला. टेबलावर धूळ नसलेला एक चौकोन तेवढा राहिला. तो बर्तीनि म्हणाला होता की नाही, हे काही केल्या तिला आठवेना.

मंगळवारी पाचवीचा तास संपवून ती परतली, तोच जिन्यात चपला वाजल्या. तिनं मोजल्या. चौदा.

वादिराजच्या हातात कागदाचा जाड गठ्ठा होता, प्रिंटरमधून निघालेला, एकाला एक जोडलेला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून त्यानं महिन्याभराच्या सगळ्या ओळी छापून आणल्या होत्या. खिडकीच्या गजाला एक टोक बांधलं आणि बाकीचा कागद जमिनीपर्यंत सोडला. मधल्या सुट्टीत इतकी गर्दी झाली की इंदुमतीबाई रागवायला वर आल्या. चष्मा लावून वाचू लागल्या.

"मग आंबे कुणी चोरले?" त्यांनी विचारलं. कुणी सांगेना. ते पुस्तक बगलेत मारून त्या दाराकडे निघाल्या. "मुलं ऑफिसात येऊन टाइप करतील, मधल्या सुट्टीत. आणि हा कागद दर मंगळवारी इथे लागला पाहिजे. कोण लावणार ते तुमचं तुम्ही बघा."

घंटा झाली, गर्दी ओसरली. शुभांगी खाली वाकली. अगदी जमिनीजवळ शेवटची ओळ होती.

'४१२ : पुस्तकं संपली तरी मी येणार. ग्रंथालयाच्या बाईंना चालणार नसेल तर ही ओळ खोडावी.'

तिनं टेबलावरचं पेन उचललं. वादिराज पेनकडे पाहत होता. ती कागदाकडे गेली नाही. रजिस्टर उघडून चारशे अकराव्या नावाखाली तिनं सुबक अक्षरात लिहिलं, ४१२, वादिराज. तारीख घातली. सही केली.

तो खांद्यावरून डोकावला. "मुदतीचा रकाना राहिला की, मॅडम."

"राहिला नाही," शुभांगी म्हणाली. "मोकळा सोडलाय."