मागच्या दाराचा उतारू

कमलिनीबाई मानिक चौकात वांगी निवडत होत्या, तेव्हा भाजीवाल्याने खबर दिली. "बाई, पूना से वे किताब वाले आए हैं. तुमाओ घर पूछ रए ते."

बाईंनी किडकं वांगं टोपलीत परत टाकलं. बरं झालं, आयताच हाती लागला, असं मनाशी म्हणत त्या घरी निघाल्या.

देश स्वतंत्र होऊन चार-दोन वर्षं झाली होती. पुण्या-नागपूरकडची माणसं झाँसी बघायला येत, बाईंच्या खाणावळीत उतरत, आणि जो तो पुण्याच्या जनार्दनपंतांचं प्रवास-मार्गदर्शक बगलेत मारून येई. बाई माणसांना त्या पुस्तकावरून ओळखत. लेकुरवाळे त्यात दूध कुठे मिळेल तेवढं बघत. कॉलेजातली पोरं किल्ल्यासमोर उभं राहून किल्ल्याबद्दल वाचत आणि मान वर न करता परत येत. यात्रेकरू पुस्तक वळकटीत बांधून ठेवत आणि वाट दारोदार विचारत. एकट्या निघालेल्या बाईसाठी त्यात एकच सल्ला होता, शक्यतो निघू नये. घोड्याला झापडं लावावीत तसं हे पुस्तक, असं बाईंचं स्पष्ट मत होतं.

पण त्याच पुस्तकाने त्यांच्या पोटावर पाय दिला होता. त्यात छापलं होतं, 'जेवण उत्तम. मागची खोली मात्र घेऊ नये. दिवेलागणीला दारावर थाप पडते, असा अनेकांचा अनुभव आहे.' तेव्हापासून उतारू स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत जाऊ लागले. ग्वाल्हेरचा भाऊ 'आता आवर, इकडे ये' म्हणून मागे लागला होता. नवी आवृत्ती निघणार होती. तीच ओळ पुन्हा छापली गेली, तर खाणावळीला कुलूप ठरलेलं होतं.

जनार्दनपंत ओसरीवर छत्री मांडीवर घेऊन बसले होते. माणूस सज्जन दिसत होता, त्यामुळे बाईंना आणखीच राग आला.

"थाप तुम्ही स्वतः ऐकलीत?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण उतारू सांगतात ना."

"मग आज ऐका. आणि काय ते आपल्या कानांनी ऐकून लिहा."

थाप खोटी आहे असं बाई म्हणाल्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून त्यांनीही ती ऐकली होती. सासऱ्यांनी एकदाच सांगितलं होतं, तेही खाली बघत. सत्तावनच्या गदरात गोऱ्यांची फौज शहरात शिरली, त्या संध्याकाळी वेढ्यात अडकलेली परगावची माणसं मागच्या गल्लीतून दारं ठोकत फिरत होती. या घराने कडी काढली नाही. दिवेलागणीला मागचं दार लावायचं, नाहीतर लक्ष्मी निघून जाते, अशी रीत सगळीकडेच असते. या घरात ती जरा जास्तच कसोशीने पाळत.

दिवस कलला. स्वयंपाकीण रामदेईने देवापाशी दिवा लावला, पुढचं दार सताड उघडलं, मागच्याला कडी घातली. पंत आणि बाई मागच्या खोलीत बसले. चौकातला गलका हळूहळू विझला. मग दाराच्या फटीतून वास येऊ लागला, जळक्या कापडाचा.

थाप पडली. जोराची नव्हती. दमलेल्या माणसाने तळहात टेकावा, एवढीच.

"जागा... मिळेल का? उतरायला?"

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. "बोलू नका," ते कुजबुजले. "ओ देऊ नका..."

"किवार ना खोलियो, बाई जू..." आतून रामदेई म्हणाली.

बाईही घाबरल्या होत्या. पण भीतीच्या वर संताप होता. इतकी वर्षं कुणीतरी साधी जागा मागतंय, आणि घरातली थोरथोर माणसं श्वास रोखून बसतात, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी कडी काढली.

गल्ली रिकामी होती.

"आहे जागा. आत या," त्या रिकाम्या गल्लीला म्हणाल्या. "पाय धुवून घ्या."

त्यांनी तांब्या उंबऱ्याशी ठेवला आणि त्या बाजूला झाल्या. तांब्या कलंडला. फरशीवर राखेने माखलेलं ओलं पाऊल उमटलं, मग दुसरं, थेट खाटेपर्यंत. खाटेचे सुंभ करकरले.

"आता लिहा," बाई म्हणाल्या. "इथे कुणालाही परत पाठवत नाहीत."

"बाई, पुस्तक एकदा छापलं की ते कोण वाचेल, हे माझ्या हातात नसतं..."

"वाचू देत. ज्याला त्याला हवं ते पुस्तकात असतंच. यांच्यासाठी एक ओळ असू दे."

पंतांनी ती ओळ कागदावर उतरवली, घडी करून खिशात घातली आणि रात्रीच्या गाडीने ते गेले. खाटेवरचा पाहुणा काही बोलला नाही. बाई रोज त्याच्यापुढे पान वाढत, आणि सकाळी भात जसाच्या तसा, फक्त राखेसारखा कोरडा झालेला असे.

महिन्याने पंतांचं कार्ड आलं. छापखान्यात संप होता, पुस्तक रखडलं होतं. तुमची ओळ अजून माझ्या खिशातच आहे, कुणाला दाखवलेली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला मागच्या गल्लीत पावलं वाजली. एकाची नव्हे, पुष्कळांची. एक मूल किरकिरत होतं. मग पानं उलटल्याचा आवाज झाला, आणि अंधुक उजेडात अक्षर लावत कुणीतरी बाकीच्यांना वाचून दाखवू लागलं. "इथे... कुणालाही... परत पाठवत नाहीत."

रामदेई पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीला टेकली. कमलिनीबाई कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"इतक्यांना... मिळेल का?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

त्या तोंड उघडणार, तोच त्यांच्या पाठीमागून, रिकाम्या दिसणाऱ्या खाटेवरून, उत्तर आलं. शब्द त्यांचेच होते आणि आवाजही त्यांचाच.

"आहे जागा. आत या."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या वळल्या, आणि खाटेकडे रोखून बघत सावकाश म्हणाल्या, "घर माझं आहे. या म्हणायचं ते मी म्हणेन."

मग त्यांनी कडी काढली.