शुक्रवार, चार ते साडेचार

दाराला कान लावून उभं राहणं चांगलं नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण करणार काय? आत तिची विद्यार्थिनी सरांशी बोलत होती आणि बाहेर हिचा जीव टांगणीला लागला होता.

तिचं कामच तसं होतं. कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या एवढ्याशा खोलीत ती मुलांना अभ्यास नव्हे, अभ्यासाला बसायचं कसं ते शिकवायची. आठवडा कसा आखायचा, साठलेल्या कामाचे तुकडे कसे पाडायचे, आणि अडलं तर न रडता, न घाबरता आपलं म्हणणं आपणच कसं मांडायचं. मुलं पाठीमागे तिला घड्याळबाई म्हणत. घड्याळबाईंचा एक नियम भलताच कडक होता. मुलांच्या वतीने त्या कुणाकडे शब्द टाकायच्या नाहीत. दारापर्यंत सोबत येईन, आत तुमचं तुम्ही!

त्या दिवशी आत गेलेली मुलगी इतकं हळू बोलायची, की वर्गात तिचं नाव 'कुजबुज' पडलं होतं. म्हणून तर कान लावावा लागला. आणि नेमकं तेव्हाच दार आतून उघडलं... घड्याळबाई तोल जाऊन थेट प्रयोगशाळेत! वह्या एकीकडे, चष्मा दुसरीकडे.

"लागलं का?" चष्मा उचलून देत भौतिकशास्त्राचे सर म्हणाले.

"छे छे. मी... सहज चालले होते."

"दारातून?"

कुजबुज फिसकन हसली. "मॅडम, सरांनी मुदत दिली!"

"द्यावीच लागली," सर म्हणाले. "काय अडलंय, काय हवंय, कधीपर्यंत हवंय. तीन वाक्यांत मोकळी झाली. या महिन्यात अशी बोलणारी ही चौथी. ही मुलं येतात कुठून, ते एकदा येऊन बघायचंच होतं मला."

"मग या की," ती म्हणाली, आणि आपण असं कसं बोलून गेलो म्हणून जीभ चावली.

बुधवारी साडेचारला ते खरंच आले. बाहीवर खडूची पांढरी रेघ, हातात तपासायच्या जर्नल्सचा ढीग. "मलाही शिकवा. माझं कपाट उघडलं की अंगावर येतं."

तिने ढीग चाळला. निम्म्याहून जास्त जर्नल्स दुसऱ्याच शिक्षकांच्या होत्या. "हे तुमचं काम आहे?"

"नाही... म्हणजे, माझ्याकडे आलंय."

"येतं कसं? आधी 'मला जमणार नाही' म्हणायला शिका. म्हणा बघू."

"मला जमणार... बघतो हं."

"बघतो नाही! जमणार नाही."

सरांनी कानामागे खाजवलं. मग तिच्याकडे बघत अगदी साळसूदपणे विचारलं, "आज चहा घ्यायला जमेल का तुम्हाला?"

"जमणार—" ती अडखळली.

"बघा! तुम्हालाही जडच जातंय."

चहा घेतला हे सांगायला नकोच. पुढचे पाच महिने दर बुधवारी घेतला. कपाट दुसऱ्याच आठवड्यात लागलं होतं, तरी दर बुधवारी एखादा खण नव्याने विस्कटायचा. सर तो मुद्दाम विस्कटत असणार, अशी तिला शंका होती. पण विचारलं तर ते यायचे थांबतील, या धास्तीने तिने कधी विचारलं नाही.

तीच तर गोम होती. जगाला बोलायला शिकवणाऱ्या या बाईला स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की दातखीळ बसायची. शिंप्याने कुर्त्याची एक बाही आखूड शिवली, तर ही "छान झालंय" म्हणून पैसे देऊन घरी आली. धाकटा भाऊ पोट धरून हसला होता. "ताई, अगं निदान दुसरी बाही तरी तेवढीच आखूड करून घ्यायचीस!"

आणि एका सोमवारी सर दारातच उभे राहिले. बसले नाहीत. "दुसऱ्या गावच्या कॉलेजात मला निवडलंय. पाच तासांचा रस्ता आहे. प्रयोगशाळा माझी, मी म्हणेन तशी. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

"अरे वा!" ती म्हणाली. "अभिनंदन! छानच झालं."

तिने आणखी काही बोलावं, अशी सर वाट पाहत होते बहुतेक. मग "हं," म्हणाले आणि गेले.

दिवसभर तिने स्वतःला शिव्या घातल्या. संध्याकाळी घरी जाण्याआधी तिने तेच केलं, जे मुलांना करायला लावायची. ज्या कामाची भीती वाटते, त्याला वार द्या, वेळ द्या, नाहीतर ते होत नाही. संगणकावरच्या आपल्या वेळापत्रकात तिने लिहिलं: शुक्रवार, चार ते साडेचार. सरांना सांगणे. मला तुम्ही आवडता.

लिहिलं तसं जरा हलकं वाटलं. खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता, ती छत्री न उघडताच घरी गेली.

आता, हे वेळापत्रक मुलांनाही दिसायचं. रिकामा अर्धा तास बघून त्यांनी आपली नावं त्यात घालायची, अशी पद्धत होती. खासगी नोंद लपवायची सोय होती, पण त्यासाठी एका चौकोनात खूण करावी लागे. दर सत्राच्या सुरुवातीला ती मुलांना बजावायची, खूण विसरू नका रे...

मंगळवारपासून मुलं फार शहाण्यासारखी वागू लागली. वेळेवर येत, काम दाखवत, गालातल्या गालात हसत. शुक्रवारी दुपारी तीननंतर तर कुणाचंच नाव नाही. परीक्षा जवळ आली असेल, असं तिला वाटलं. सर मात्र त्या बुधवारी चहाला आले नव्हते. चार वाजायला आले तशी कुजबुज दारात आली.

"मॅडम, तुम्ही चौकोनात खूण केली नव्हती."

"कुठल्या चौ—" तिने वेळापत्रक उघडलं आणि पडदा दोन्ही हातांनी झाकला. "अगं बाई! कोणी कोणी पाहिलं?"

"सगळ्यांनी. पण सरांना कुणीही सांगितलेलं नाही," कुजबुज घाईघाईने म्हणाली. "आमचं ठरलंच होतं तसं. दुसऱ्याच्या वतीने बोलायचं नाही ना! फक्त तुमची दुपार मोकळी ठेवली." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच खणखणीत आवाजात, "चला, दारापर्यंत सोडते."

प्रयोगशाळेत सर खोक्यात पुस्तकं भरत होते. तिला बघून उभे राहिले.

"मला तीन वाक्यं बोलायची आहेत," ती म्हणाली. "तुम्ही मला आवडता. सोमवारी मी अभिनंदन म्हटलं, ते खरं होतं, पण अर्धंच... तुम्ही जाणार म्हणून मला फार वाईट वाटतंय." पुढे तिला थांबता येईना. "थांबा असं म्हणत नाही मी. तुम्हाला कळायला हवं, एवढंच. झालं. येते."

"होकार कळवला मी," सर म्हणाले. "आज दुपारी."

तिने मान डोलावली. डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत. निदान बोलले तरी, असं मनाशी म्हणत ती वळली.

"थांबा ना जरा. खण कोण विस्कटत होतं असं वाटलं तुम्हाला?" त्यांनी फोन उचलला. "ही नोकरी मला हवीय. आणि तुम्हीही हव्या आहात. आपल्या दोघांचं पुढचं ठरवायला थोडा वेळ हवा. दोन्ही मागून बघतो."

"बघतो?"

"मागतो!"

पलीकडे नव्या कॉलेजच्या प्राचार्यांनी फोन घेतला. त्यांचा आवाज एवढा दणदणीत, की तिलाही सगळं ऐकू येत होतं. "सर, एक विनंती होती," हे म्हणाले, "म्हणजे, जमत असेल तर... अं..." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले. सरांनी श्वास घेतला. "मी एक सत्र उशिरा, चार महिन्यांनी रुजू होतो. तोवरचे तास मी शनिवारी येऊन घेईन."

"कारण?"

"घरचं कारण आहे."

"घरी तुम्ही एकटेच असता ना? मुलाखतीत म्हणाला होतात." मग प्राचार्यांचा आवाज खाली आला, तरी तिच्यापर्यंत पोचलाच. "लग्नबिग्न ठरलंय की काय?"

सरांनी फोनवर हात ठेवला. कानाच्या पाळ्या लाललाल झाल्या होत्या. "काय सांगू?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हो म्हणून सांगा," ती म्हणाली.

सरांनी हात काढला. "हो सर, ठरलंय. आत्ताच ठरलं."